मेळघाटची वही

वाघ मोजायला चाललो आहोत अशा समजुतीने बरेच स्वयंसेवक मेळघाटात येतात. प्रत्यक्षात पहिले तीन दिवस मोजायच्या असतात खुणा. पगमार्क, विष्ठा, खोडावरचे ओरखडे, जमीन खरवडल्याच्या जागा, अर्धवट खाल्लेली शिकार. त्याही एकट्या वाघाच्या नाहीत. बिबट, अस्वल, रानकुत्रा, तडस, कोल्हा, रानमांजर, सगळ्यांच्या. एका बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, तीन वाटा ठरवतात, प्रत्येक किमान पाच किलोमीटरची, आणि रोज एक चालायची. मांसाहारी जनावर जिथून जाण्याची शक्यता जास्त तिथूनच वाट घेतात: नाल्यातली वाळू, बैलगाडीचा जुना रस्ता, वणवा अडवायला काढलेली जाळरेषा. पुढचे तीन दिवस तृणभक्षींचे. त्यासाठी दोन किलोमीटरची सरळ रेषा आधीच आखून झाडांवर खुणा केलेल्या असतात.

पुढे वनरक्षक, मागे वनमजूर, मधे आपण. हा क्रम मोडायचा नाही. लघवीला जायचं असलं तरी सांगून जायचं.

*

मेळघाट कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण एकविसाव्या अक्षांशावर आहे. उष्ण कटिबंध म्हटलं की वर्षभर टपटपणारं हिरवंगार रान डोळ्यांसमोर येतं, पण आपल्या उष्ण कटिबंधाचा मोठा भाग असा आहे: शुष्क, पानझडीचा, चार महिने बेफाम पाऊस आणि उरलेले आठ महिने पाण्याचा हिशोब. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तिवस, बांबू. गाविलगडच्या डोंगररांगा, त्यांतून वाहणारी सिपना. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले त्यांत हे जंगल होतं, आणि महाराष्ट्रातलं ते पहिलं. ताडोबाच्या मानाने इथे वाघ फार कमी दिसतो. डोंगराळ मुलूख, खोल दऱ्या, दाट झाडी. जनावराला लपायला जागाच जागा आहे. मला तर हे जंगल याच कारणासाठी आवडतं. दर्शनाच्या हट्टाने आलेला माणूस इथे टिकत नाही, आणि राहतात ते जंगलासाठी आलेले.

*

सागाचं वाळलेलं पान पायाखाली आलं की पापड मोडावा तसा आवाज होतो आणि तो पन्नास पावलांवरच्या सांबराला ऐकू जातो. म्हणून रेषेवर चालायचं ते उजाडता उजाडता. रात्रीचं दव पडून पानं ओली, मऊ झालेली असतात, पाय निमूट पडतो. ऊन वर चढलं की तासाभरात पानं कडक होतात आणि मग चालण्यात अर्थ राहत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ढाकण्याच्या बाजूला एका वनमजुराने बोलून नव्हे, स्वतः पाय कसा टाकतो ते दाखवून शिकवलं: आधी बाहेरची कड, मग तळवा, मग टाच. हे कोरकू भाऊ दिवसभरात दहा वाक्यंही बोलत नसत. वाघाचा उल्लेख करायची वेळ आली की मात्र ‘कुला मामा’ म्हणत.

*

एक विष्ठा. खडकाच्या सपाट डोक्यावर, वाटेच्या अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. वनरक्षकाने काडी उचलली आणि खाली बसला. मीही बसले. वरचा थर सुकून पांढरट झालेला, आत अजून काळपट. काडीने एक तुकडा उलगडला तर केसच केस, जाड, राखाडी-तपकिरी, आणि त्यांत खुराचा एक चपटा काळा तुकडा. सांबर, तो म्हणाला. केस मधून पोकळ असतो, वाकवला की तटकन मोडतो, मोडून दाखवला. मग त्याने जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलमधल्या ‘एम-स्ट्राइप्स’ ॲपवर घेतले, फोटोत बाजूला मापासाठी पट्टी ठेवली, वेळ लिहिली. ताजी, जुनी, फार जुनी असे रकाने असतात. ‘जुनी’ लिहिलं. काही अंतरावर ऐनाच्या खोडावर कंबरेच्या उंचीला ओलसर डाग होता. नाक जवळ नेलं तर चक्क आंबेमोहोराचा वास. वाघाच्या मूत्रफवाऱ्यात आणि सुवासिक तांदळात सुगंध देणारं द्रव्य एकच असतं, हे वाचलेलं होतं. तरी भर जंगलात तो वास आला आणि अंगावर काटा उभा राहिला.

अस्वलाची विष्ठा ओळखायला सोपी, बोरांच्या दिवसांत ती बियांनी भरलेली असते. तडसाची हाडं खाऊन पांढरी पडलेली. रानकुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, वाघ-बिबट्याच्या पावलात नाहीत. हे सगळं चार दिवसांत शिकता येतं. ताजं आणि शिळं ओळखायला मात्र बरीच वर्षं लागत असावीत.

*

एके दिवशी अख्खी वाट चाललो आणि काहीही मिळालं नाही. पाऊल नाही, विष्ठा नाही, ओरखडा नाही. नाल्यातली वाळूसुद्धा कोरी. परतताना माझं तोंड उतरलेलं वनरक्षकाने पाहिलं असावं. म्हणाला, “नाही भेटलं तं ‘नाही’ लिवा मॅडम. तेबी लिवाच लागते.”

मला या सगळ्या कामाचं मर्म तिथे सापडलं. खूण न सापडणं आणि जनावर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एकाच बीटमध्ये वेगवेगळ्या वाटांवर पुन्हा पुन्हा शोधतात. किती वेळा शोधलं, किती वेळा सापडलं, यावरून जनावर असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता किती, ते काढता येतं. रिकाम्या फेऱ्या लिहिल्याच नाहीत तर हे गणित उभंच राहत नाही. आणि रिकामी फेरी लिहायला माणूस का कू करतो, कारण त्याला वाटतं, आपण काहीच केलं नाही. पाच किलोमीटर डोळे जमिनीला लावून चालणं हेच तर काम होतं.

२०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं काढली. त्यांत वाघाची ७६,६५१. म्हणजे साडेचारशे चित्रांमागे वाघाचं एक. उरलेल्यांत चितळ, गुरं, माणसं, आणि वाऱ्याने हललेलं गवत. ही सगळी चित्रं तपासावी लागतात, कारण तपासल्याशिवाय वाघाचं चित्र कोणतं ते कळत नाही.

*

कॅमेरे जोडीने लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीला. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तर तो वाघ पक्का ओळखता येतो, नाहीतर एकाच वाघाचे दोन होण्याची भीती. स्वयंसेवकाला कॅमेऱ्याला हात लावू देत नाहीत. योग्यच आहे.

*

आधीची पद्धत होती पगमार्कची. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली. काचेवर पावलाची बाह्यरेषा उतरवायची, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, आणि प्रत्येक पावलावरून वाघ वेगळा ओळखायचा. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेतला १,८२७ हा आकडा असाच आला. त्यावरच व्याघ्रप्रकल्प उभा राहिला, हे त्या पद्धतीचं ऋण विसरता येणार नाही. पण ओल्या चिखलातलं पाऊल मोठं उमटतं, कोरड्या धुळीत वेगळं, उतारावर आणखी वेगळं. आणि आकडा वाढवून सांगावा असा दबाव वरून असला की वेगळ्या पावलाचा वेगळा वाघ होतो. कागदावर वाघ होते, राजस्थानातल्या सरिस्कात मात्र २००५ साली एकही उरला नव्हता. तेव्हा सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं, पद्धत बदलली. २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ होते. नव्या पद्धतीने २००६ च्या गणनेत आले १,४११. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही हे खरं, तरी त्या दिवसांत बातमी वाचून पोटात खड्डा पडला होता तो अजून आठवतो.

२०२२ मध्ये सरासरी अंदाज ३,६८२. महाराष्ट्रात ४४४, २०१४ मध्ये १९० होते. या आकड्यांवर माझा विश्वास आहे, कारण त्यांच्या तळाशी कोऱ्या रकान्यांचे ढीग आहेत.

*

खोट्या नोंदीची आणखी एक गोष्ट, याच सातपुड्यातली. रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने या लहानशा घुबडाचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणालाच मिळाला नाही, अपवाद एकच: १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ पक्षी मिळवल्याचा कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा दावा. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केलं की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्या पक्ष्यावर नवी चिठ्ठी लावून खपवलेला. खोट्या चिठ्ठीमुळे शोध चुकीच्या मुलखाकडे वळला. ती बाजूला काढून रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोरच्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही तो सापडला. आज हे त्याच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

भर दिवसा वावरणारा पक्षी. मला सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर दिसला. मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिलं, शेपटी डावी-उजवीकडे झटकली आणि आम्हाला मोडीत काढून पुन्हा खाली गवताकडे नजर लावली. एवढा लहान जीव आणि त्याच्यामागे केवढा मोठा लबाडीचा इतिहास!

*

सरळ रेषेवरचं काम. जनावर दिसलं की जागीच थांबायचं. कोणतं, किती, पिल्लं किती. रेंजफाइंडरने अंतर, होकायंत्राने कोन. रेषेपासून जनावर किती लांब होतं यावरच पुढचं सगळं अवलंबून. जवळची जनावरं बहुतेक सगळी दिसतात, लांबची थोडीच दिसतात. ती कमी कशी होत जातात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. म्हणून ‘चाळीस-पन्नास मीटर असेल’ असं लिहून चालत नाही.

दर ४०० मीटरवर थांबून १५ मीटर त्रिज्येतली झाडं नोंदवायची, झुडपं, गवत, तोडीच्या आणि चराईच्या खुणा. आणि २० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्ट्यातल्या लेंड्या मोजायच्या. चितळाच्या, भेकराच्या, सांबराच्या, नीलगाईच्या. गुरांचं शेण वेगळं. लोकांना वाघ हवा असतो. पण वाघाला हव्या असतात या लेंड्या टाकणाऱ्या पोटांच्या मांड्या. एखाद्या बीटमध्ये शेणाचे रकाने भरले आणि लेंड्यांचे रिकामे राहिले, तर पुढच्या गणनेत तिथला वाघ कमी होईल हे आताच सांगता येतं.

*

थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या मठात परदेशी स्वयंसेवक पैसे भरून वाघाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे. फोटो काढून घरी पाठवायचे, आणि त्यांतल्या बहुतेकांना मनापासून वाटायचं की आपण वाघ वाचवतो आहोत. २०१६ मध्ये तिथल्या वनखात्याने छापा घालून १३७ वाघ हलवले. शीतपेटीत ४० मेलेली बछडी मिळाली.

जिथे बछडं मांडीवर देतात तिथे काम करू नये. जखमी, पोरक्या जनावरांसाठी उपचार केंद्रं लागतात, आपल्याकडेही आहेत, आणि तिथे मदतीचे हात हवेच असतात. पण चांगल्या केंद्रात स्वयंसेवकाला पिंजरे धुवायला लावतात, भाजी चिरायला लावतात, आणि जनावराला माणसाची सवय लागू नये म्हणून शक्य तितकं लांब ठेवतात. कोणत्याही संस्थेत जाण्याआधी एवढं विचारा: इथून परत जंगलात किती सोडले? उत्तर देताना चुळबुळ झाली तर परत फिरा.

*

कोहा, कुंड, बोरी. ही गावं आता नाहीत. गाभा क्षेत्रातून उठवलेल्या पहिल्या गावांपैकी ही. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवताची कुरणं आहेत, आणि संध्याकाळी गवे उतरतात. कळप पाहताना छाती भरून येते, हे मी नाकारत नाही. त्याच वेळी आमच्याबरोबरच्या वनमजुराने बोट करून सांगितलं, तो आंबा आमच्या आजाने लावला. दुसरं काही बोलला नाही.

गावं उठल्यामुळे जंगल सावरलं, हे खरं. आणि उठलेल्या कुटुंबांना दिलेला शब्द सगळीकडे पाळला गेला नाही, हेही खरं. २०१९ मध्ये काही पुनर्वसित गावांतले लोक परत जंगलात आले, तेव्हा वनकर्मचाऱ्यांशी मोठी झटापट झाली आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली. वाघाच्या बाजूचं म्हणवणाऱ्या प्रत्येकाने जमीन, पाणी, दवाखाना आणि शाळा यांचा हिशोब मागायला हवा. कोरकूंनी त्यांच्या वाट्याची किंमत आधीच मोजली आहे.

*

जेवण: भाकर, बेसन, ठेचा. एका संरक्षण कुटीवर कुटकीचा भात. पाणी उकळून, धुराच्या वासाचं. मोबाईलला रेंज नाही, वायरलेसवर सकाळ-संध्याकाळ हजेरी. सौर दिवा आठला मंदावतो.

अशा संरक्षण कुटीत दोन-तीन माणसं महिनोन्‌महिने राहतात. पावसाळ्यात नाले भरले की रसद पाठीवर. पोरांच्या परीक्षा, आईचं आजारपण, सगळं वायरलेसच्या पलीकडे.

*

२० नोव्हेंबर २०२१. ताडोबात, कोलाराच्या बाजूला, याच गणनेसाठी खुणांची वाट चालताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्यांचा जीव गेला. बरोबर वनमजूर होते. समोर वाघीण दिसली म्हणून त्या थांबल्या, वाट पाहिली, मग वळसा घेऊन निघाल्या. मी केलं तेच काम त्या करत होत्या. गणनेचा आकडा जाहीर होतो तेव्हा टाळ्या वाजतात. त्या आकड्यात ही एक सकाळ आहे.

आज महाराष्ट्रात वनरक्षकांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. मेळघाटात एका बीटची जबाबदारी सांभाळणारी पंचविशीतली मुलगी भेटली. तिला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, “वाघाची नाय वाटत. फास लावनाऱ्याची वाटते.” २०१३ मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारी उघडकीला आल्या, बाहेरून आलेल्या टोळ्या पकडल्या गेल्या; तेव्हा ती शाळेत असेल. आता गस्तीवर निघाली की काठीने पालापाचोळा चाचपत चालते, लोखंडी सापळा असला तर काठीत अडकावा म्हणून. तारेचा एक फास तिने मला दाखवला. मोटारसायकलच्या क्लचवायरचा, सशा-भेकरासाठी. त्यात बिबटही अडकतो.

*

फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. त्याआधी जाळरेषा काढून झालेल्या हव्यात. हंगामापुरते नेमलेले अंगारी दिवसभर डोंगरावर धूर शोधत बसतात. वणवा बहुतेक वेळा माणसानेच लावलेला असतो, मोहफुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, किंवा नुसती विडी टाकून. स्वयंसेवकांना आगीजवळ नेत नाहीत. पाणी आणि जेवण पोचवायला नेतात, तेही खूप आहे.

*

बुद्धपौर्णिमेचं मचाण. वर्षातली बहुधा सर्वांत उजळ उन्हाळी रात्र. पाणवठे आटलेले, त्यामुळे जनावरं उरलेल्या पाण्यावर येतातच. दुपारी मचाणावर चढायचं आणि सकाळी उतरायचं; रात्रभर जे येईल ते वेळेसह लिहायचं. पूर्वी याला पाणवठा गणना म्हणत, आता वनविभाग ‘निसर्गानुभव’ म्हणतो. हा बदल मला पटतो. एक चितळ रात्रीत तीनदा पाण्यावर आलं तर तीन चितळं होत नाहीत.

माझ्या एका मचाणावर: सायाळ ११.२०. अस्वल, पिल्लासह, १२.०५, पाण्यात बसून राहिलं. भेकराची खोक, लांब, १.४०. मग पहाटेपर्यंत काही नाही. रातव्याचं टकटक.

*

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. देशव्यापी गणना दर चार वर्षांनी होते आणि बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम दरवर्षी; नोंदणी वनविभाग जाहीर करतो. त्याआधी महिनाभर रोज आठ किलोमीटर चालायची सवय करा, कारण दमलेला स्वयंसेवक वनरक्षकाचं काम वाढवतो. मळकट रंगाचे कपडे, जुने झालेले बूट, पावडर-अत्तर नाही. वाघाचा फोटो मिळालाच तर जागा आणि वेळ कुठेही टाकू नका. शिकारीही मोबाईल वापरतात. आणि येताना विजेरी, चांगले पावसाळी बूट, रेनकोट असं काही वनमजुरांसाठी आणायची इच्छा असेल तर आधी परिक्षेत्र कार्यालयात फोन करून कोणत्या कुटीवर काय लागतं आणि कोणत्या मापाचं, ते विचारून आणा.